भित्रीनं दारात उभं राहायचं

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. झुरळाला भिते, विजेला भिते आणि सापाला तर इतकी भिते की त्याचं नाव निघालं तरी पाय वर घेऊन बसते. आणि माझं लग्न झालं ते धरणगावातल्या अशा माणसाशी, जो दिवसा कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर आणि उरलेल्या वेळात साप पकडणारा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझा ब्रह्मराक्षस मोटरसायकलवरून आला.

पकडलेला साप वनखात्याला कळवून रानात सोडायचा असतो. पण तिथला माणूस दुसरीकडे गेलेला असला किंवा साप जखमी असला, की पाहुणा आमच्याकडे मुक्कामाला. झाकणाला भोकं पाडलेली प्लॅस्टिकची बरणी स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत फळीवर ठेवायची. मधे भिंत एकच. पलीकडे साप, अलीकडे मी आणि माझी कणीक. मला दिसायचं काहीच नाही, ऐकू मात्र सगळं यायचं.

लोकांना वाटतं साप फक्त फूस करतो. लोकांच्या घरात फळीवर सापाच्या बरण्या नसतात. घोणस कुकरसारखी फुत्कारते. एकदा मी गॅस बंद केला, कुकर उतरवला, तरी वाफ सुटल्याचा आवाज चालूच होता, तेव्हा माझ्या पाचावर धारण बसली होती. फुरसं तोंडानं ओरडत नाही. ते वेटोळं घालून अंगावर अंग घासतं आणि बोथट करवतीनं सुकं लाकूड कापावं तशी खरखर येते. धामण हातात धरली की घशातून गुरगुरते. कात टाकायला आलेल्या नागाचं नाक जुन्या कातडीनं चोंदतं, मग श्वासागणिक बारीक शीळ वाजते. पहिल्यांदा ती ऐकली तेव्हा मला वाटलं, शेजारच्या बाळाला सर्दी झालीय. मण्यार बहुतेक मुकीच, म्हणून तिची भीती सगळ्यात जास्त. नवरा हे सगळं हौसेनं शिकला, मी भीतीनं.

बरणी उघडून पाणी ठेवायचं असलं, की त्याची ठरलेली हाक यायची, "ये गं भित्रे, दारात उभी राहा." मी उंबऱ्यावर उभी राहायचे, डोक्यावर बल्ब, तोंड त्याच्याकडे. तो झाकण सैल करायचा, माझ्याकडे बघायचा, पुन्हा झाकण, पुन्हा माझ्याकडे. आणि हसायचा. मला काय चीड यायची! बाहेर कुठे साप पकडायला गेला तरी त्याचा पहिला प्रश्न हाच असायचा, "घरात सगळ्यात भित्रं कोण? त्याला दारात उभं करा." लोक हसायचे, घाबरलेली घरं जरा सैल व्हायची. साप धरायच्या आधी भाऊ लोकांना हसवतात, अशी त्याची ख्यातीच झाली होती. मी मात्र भांडायचे. मी काय तमाशा आहे का, म्हणायचे, आणि रागानं दारात पाठमोरी उभी राहायचे. तेव्हा तो बरणी उघडायचाच नाही. "रुसली वाटतं," म्हणून झाकण लावून टाकायचा.

कापूस वेचणीच्या दिवसांत एका संध्याकाळी फळीवर फुरसं होतं. नवरा फळीला टेकूनच चहा पीत बसला होता. बरणीतली खरखर स्वयंपाकघरात भाजीच्या फोडणीवरून ऐकू येत होती. मी दारात येऊन विचारलं, "अहो, ते एवढं का खवळलंय?"

"कोण? गप्प पडलंय बिचारं," तो म्हणाला. मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि घाईनं म्हणाला, "हां, खवळलंय जरा."

बरणी त्याच्या कानापासून वीतभर लांब होती.

माझ्या काळजाचं पाणी झालं. जिनिंगच्या मशीनशेजारी उभं राहून त्याची निम्मी हयात गेली होती. माझी हाक त्याला ऐकू यायची, फोन ऐकू यायचा, म्हणून कधी शंका आली नव्हती. पण बारीक, फुसफुसतं, खरखरीत असं जे काही असतं ते त्याच्या कानातून निघून गेलं होतं. डास घोंघावलेला कळत नव्हता. कुकरची वाफ कळत नव्हती. आणि साप जे काही बोलतो, ते नेमकं त्याच आवाजात बोलतो. घोणस चावण्याआधी ओरडून सांगते, पुढे येऊ नको म्हणून. ते सांगणं ज्याला ऐकूच येत नाही, त्यानं तिच्या दारात हात घालायचा? सापाची भीती मला जन्माची होती. ही नवी भीती तिच्याहून वाईट निघाली, कारण ती बरणीत मावत नव्हती.

"जळगावला जाऊन कान दाखवून येऊ," मी म्हटलं.

"कानाला काय धाड भरलीय?" एवढं बोलून तो उठला. पुढे बरेच दिवस त्यानं ताकास तूर लागू दिली नाही. फोन वाजला की मी हातातलं काम टाकून ऐकायला यायचे. तो बाहेर पडला की परत येईपर्यंत मी दारात.

मग एका दुपारी जवळच्या खेड्यातून फोन आला. फोन नेहमीसारखा स्पीकरवर. "भाऊ, कापूसनी खोलीमा साप शे. फूफू करी ऱ्हायना. बठ्ठा घर बाहेर उभा शे."

फूफू म्हणजे घोणस, आणि सगळं घर बाहेर. मी गॅस बंद केला, चपला घातल्या.

"मी येते."

"तू?" तो माझ्याकडे बघतच राहिला. पण नको म्हणाला नाही.

त्या घरी विकायचा कापूस मागच्या खोलीत पार छतापर्यंत भरलेला. खिडकी कापसाआड, बल्बही कापसाआड. दारातून उजेड यायचा तेवढाच. नवऱ्यानं नेहमीचा प्रश्न विचारला, सगळ्यात भित्रं कोण. यावेळी कोणी हसलं नाही. घरातली म्हातारी अक्का म्हणाली, "भ्याव आम्हले बठ्ठास्लेच लागस, भाऊ. मझार कोनी येवाव नही." आणि आत न येता सगळे अंगणापलीकडे जाऊन उभे राहिले.

म्हणून टॉर्च माझ्या हातात आली. मी दारात, उजेड माझ्या पाठीमागे. तो वाकून साप उचलायच्या हुकानं कापूस बाजूला करत आत सरकला. मी मनाशी ठरवून आले होते की आवाज आला की ओरडायचं, थांबा म्हणायचं, बस. एवढं तर कोणालाही जमेल.

आवाज आला. पण कापूस आवाज पिऊन टाकतो, हे मला माहीत नव्हतं. घरातल्या बरणीचा आवाज कुठून येतो ते डोळे मिटून सांगता यायचं. इथे तो चहूकडून येत होता, समोरून, वरून, माझ्या पायाशी. लांबच लांब, दबलेला. मी तोंड उघडलं आणि माझी बोबडी वळली. थांबा यातला थ सुद्धा निघेना. नवरा आपला निवांत, आता मोकळ्या हातानंही कापूस बाजूला करतोय, जसं काही घरातली गादी उसवतोय. घोणस ओरडतेय, मी ओरडू शकत नाही, आणि त्याला दोघींचंही ऐकू येत नाही. हा आता माझ्यासमोर मरणार, असं मला स्पष्ट वाटलं.

तेवढ्यात त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. डोळे बारीक केले. टॉर्चचा झोत थेट त्याच्या डोळ्यांवर होता.

"उजेड माझ्यावर नको," तो म्हणाला. "तुझ्या तोंडावर धर."

मला कळेना. अंधारात शोधणार काय हा?

"अगं, धर. मला तुझं तोंड दिसू दे."

तेव्हा मला सगळं कळलं. बल्बखाली उभं करणं, झाकण आणि मी, पुन्हा झाकण आणि मी. लोकांच्या दारांत उभी केलेली ती भित्री माणसं. तो कोणाला हसत नव्हता. त्याला जे ऐकू येत नव्हतं, ते तो आमच्या तोंडावर वाचत होता.

मी टॉर्च स्वतःकडे वळवली. डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं. आता मला तो दिसत नव्हता, कापूस दिसत नव्हता, घोणस तर आधीही दिसली नव्हती. फक्त ऐकू येत होतं. तो कुठेतरी सरकला की फुत्कार लांबायचा, मागे आला की ओसरायचा. मी तोंडाचं मुद्दाम काहीच केलं नाही. जन्मभर ज्याची लाज वाटली, ते तोंड आपलं आपण काम करत होतं. मग एकाएकी फुत्कार तुटला आणि आत हवा ओढल्याचा घट्ट आवाज आला. तो मला ओळखीचा होता. बरणीत तो आला की पाठोपाठ प्लॅस्टिकवर टोला बसायचा.

माझ्या तोंडावर काय उमटलं ते मला माहीत नाही. कापूस खसकन हलला, तो मागे उडी मारून भिंतीवर आदळला, हुकाच्या दांड्यावर टक् झालं.

"कळलं," तो धापा टाकत म्हणाला. "उजव्या कोपऱ्यात आहे. तू तशीच राहा."

मी तशीच राहिले. बरणीचं झाकण फिरल्याचा आवाज आला, तरी राहिले. शेवटी त्यानंच येऊन माझा हात खाली केला. हुकाच्या दांड्यावर, तो जिथे हुक धरतो त्याच्या जरा पुढे, दोन ओले ठिपके होते.

परतताना मी मागच्या सीटवर, मांडीवर घट्ट धरलेली बरणी, बरणीत ती. गाव मागे पडल्यावर मी त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला आणि कानाशी जाऊन विचारलं, "कधीपासून?"

त्यानं पुढचा खड्डा चुकवला आणि म्हणाला, "पहिल्यांदा तुला दारात उभं केलं ना, तेव्हापासून."

दोन्ही बाजूंना पांढरी शेतं होती, भर ऊन होतं, आणि मला हुडहुडी भरली. किती वर्षं झाली त्याला! मी पाठमोरी उभी राहायचे आणि तो झाकण लावून टाकायचा. माझ्या रुसव्यापायी नव्हतं ते. त्या दिवशी त्याला कान नसायचे.

मांडीवरची बरणी थरथरत होती. त्यानं गाडी हळू केली. पुढे बघून चालवत असल्यामुळे माझं तोंड त्याला दिसत नव्हतं. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यानं मला सरळ विचारलं, "गप्प आहे का गं ती?"

मला वाटलं पुन्हा बोबडी वळणार. पण आवाज फुटला.

"नाही," मी त्याच्या कानात म्हणाले. "ओरडतेय. तुम्ही सांभाळून चालवा, मी ऐकतेय."