मामाची रेल्वे आणि बरकतपुऱ्यातला जिना

माझ्या मिलिंदमामानं साठी उलटल्यावर संसार मांडायचं ठरवलं, तेव्हा त्याला पहिला विरोध मी केला, आणि तोही छापील.

विरोध लग्नाला नव्हता, हे आधीच सांगते. पद्मजा गारू मला पहिल्या भेटीतच आवडल्या होत्या. ('गारू' हे तेलुगूतलं आदराचं शेपूट. आपल्या 'बाई'सारखं, फक्त त्यात टोमणा बसत नाही.) आयुष्यभर नर्स म्हणून राबून निवृत्त झालेली बाई, समोरचा माणूस दुखतंय म्हणायच्या आत कुठं दुखतंय ते ओळखणारी. मामा आणि त्या भेटले गुडघ्यांच्या व्यायामाच्या वर्गात. दोघांचे मिळून गुडघे चार, त्यांतला भरवशाचा एकच, आणि तोही पद्मजा गारूंचा. कचेरीत जाऊन सह्या झाल्या, आणि ठरलं की मामानं बरकतपुऱ्यातली भाड्याची जागा सोडायची आणि नल्लकुंट्यात त्यांच्या घरी राहायला जायचं. तळमजला, दोन खोल्या, चढायला एकही पायरी नाही. गुडघ्यांच्या दृष्टीनं याहून चांगलं स्थळ हैदराबादेत मिळणं अवघड.

भानगड होती रेल्वेची.

मामानं सगळी नोकरी सिकंदराबादला रेल्वेच्या कचेरीत काढली. दिवसभर खऱ्या गाड्यांचे कागद पुढं सरकवायचे आणि संध्याकाळी घरी येऊन खेळण्यातल्या गाड्या चालवायच्या! पण 'खेळणं' म्हटलेलं मला आजही चालत नाही. बाजारातल्या डबल पलंगापेक्षा लांब अशा अख्ख्या प्लायवूडवर त्यानं आमचा नांदेडकडचा मुलूख उभा केला होता. काळं रान, त्यात कापसाची बोंडं (खऱ्या कापसाची), नदीवरचा पूल, फडकी आणि प्लास्टर थापून केलेला डोंगर, डोंगरात बोगदा, खराट्याच्या काड्यांचे तारेचे खांब, आणि एक छोटं स्टेशन, ज्याला त्यानं नाव दिलं नव्हतं. का, म्हणून विचारलं तर म्हणायचा, नाव दिलं की तिथं कुणाला तरी उतरावं लागतं. खोली एकच, त्यामुळं पलंगाच्या जागी रेल्वे होती आणि रेल्वेच्या खाली गादी टाकून मामा झोपत होता. त्या गुडघ्यांसकट!

तर एका संध्याकाळी मी चहाला गेले असताना हा माणूस सहज बोलल्यासारखं म्हणाला की रेल्वे जामबागेतल्या एका शाळेला देऊन टाकतोय, मास्तरांशी बोलणं झालंय, तिकडं घरात जागा नाही.

मी पेटले. मी पटकन पेटते. तोच माझा उद्योग आहे. शहरातले फुटपाथ चालणाऱ्यांसाठी मोकळे करा, या मागणीसाठी आमचा पाच-सहा जणांचा गट काम करतो, आणि त्या गटाची पत्रकं मी लिहिते. पत्रकाचं एक शास्त्र असतं. अन्याय कुणावर होतोय, करतंय कोण, आणि आमची मागणी काय, एवढं ठणकावून सांगायचं. इथं तर सगळं आयतंच होतं! अन्याय मामावर. करणारा कोण, तर 'नवरा आला पाहिजे, त्याचं जग नको' म्हणणारी संसारव्यवस्था. मागणी: रेल्वे नव्या घरी गेलीच पाहिजे, आणि अखंड गेली पाहिजे. 'एकही रूळ तुटणार नाही!' ही घोषणा मला रिक्षातच सुचली.

(ज्याच्यावर अन्याय होतोय त्याला आधी विचारावं, हाही पत्रकाच्या शास्त्राचाच एक नियम आहे. तो मी नवीन कार्यकर्त्यांना शिकवते.)

पत्रक तीन भाषांत काढलं. तेलुगू आणि हिंदी मजकूर मामाच्या इमारतीत घरोघर वाचला गेला. मराठी मजकूर वाचू शकणारी माणसं तिथं दोनच: एक पीडित आणि दुसरी लेखिका. पीडितानं चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली आणि म्हणाला, कागद चांगला हाय.

पद्मजा गारूंना मी ते फोनवर पाठवलं. आता भडका उडणार, त्या उलट उत्तर देणार, मग मी दुसरं पत्रक काढणार, अशी माझी तयारी होती. दुसरं लिहूनसुद्धा ठेवलं होतं. त्यांचा फोन आला.

"इत्ती बड़ी रेल है, और मेरेकू बताए बी नहीं?" त्या म्हणाल्या. "ले आओ जी. पलंग निकाल देंगे. नीचे सोने की आदत है उनकू."

संपलं! मागणी विनाशर्त मान्य. चळवळीच्या आयुष्यात याच्याइतका अपमान नाही. माझं दुसरं पत्रक, ज्यात पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त आग होती, ते पर्समध्ये तसंच विझून गेलं.

आता रेल्वे न्यायची जबाबदारी अर्थातच माझ्यावर आली. मामा म्हणाला, फळी अख्खी निघायची नाही, कापावी लागंल. मी म्हणाले, अखंड म्हणजे अखंड. मामा पुढं काहीच बोलला नाही. तो गप्प बसला की मला नेहमी वाटतं, मी त्याला पटवलं.

रविवारी सकाळी आमच्या गटातले चार धट्टेकट्टे कार्यकर्ते घेऊन मी हजर झाले. त्याच सकाळी नल्लकुंट्याच्या घरी दूध उतू घालायचं होतं. नव्या घरात शिरताना चुलीवर दूध ठेवून ते उतू जाऊ द्यायचं, ही तिकडची रीत. मामाचा मुहूर्तावर विश्वास नाही, आमच्या घरात कुणाचाच नाही. पद्मजा गारूंचाही फारसा नव्हता. पण त्यांची थोरली बहीण वरंगलहून येऊन चुलीपाशी बसली होती, आणि तिचा फक्त मुहूर्तावरच विश्वास होता. घर दोघांचं, म्हणून दोघांनी मिळूनच आत शिरायचं, असं तिनं बजावलं होतं. म्हणून पद्मजा गारू स्वतः रिक्षा घेऊन मामाला न्यायला आल्या होत्या आणि खाली उभ्या होत्या. मामा वर, दुसऱ्या मजल्यावर, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात पिशवी, पिशवीत दुधाचं कोरं पातेलं. लिफ्ट नाही.

दारातून रेल्वे निघाली. दाराची फळी बिजागऱ्यांतून काढली, रेल्वे आडवी उभी केली, डोंगर बाहेरच्या अंगाला ठेवला, आणि ती अलगद बाहेर आली. मी टाळ्या वाजवल्या. घोषणाही दिली. इमारतीतल्या बायका कौतुकानं बघत होत्या.

आणि मग जिन्याचं वळण आलं.

वळणावर रेल्वेचं एक टोक कठड्यात गेलं, दुसरं भिंतीत, आणि डोंगर नेमका कोपऱ्यात जाऊन बसला, जसा काही इमारत बांधतानाच ती जागा त्याच्यासाठी ठेवली होती. पुढं ढकललं, हलेना. मागं ओढलं, हलेना. आमचा एक कार्यकर्ता म्हणाला, तिरकी करू. तिरकी केली. आता ती पूर्वीपेक्षा पक्की बसली!

पाच मिनिटांत इमारतीचे दोन देश झाले. वरच्या देशात मामा, दोन कार्यकर्ते, मी, चर्चला निघालेलं एक कुटुंब आणि पातेलं. खालच्या देशात पद्मजा गारू, उरलेले दोन कार्यकर्ते, खांद्यावर भरलेलं गॅस सिलिंडर घेतलेला माणूस, आणि पहिल्या मजल्यावरचे वकीलसाहेब, जे दूध आणायला खाली गेले होते आणि आता पँटसुद्धा बदलू शकत नव्हते, कारण वकीलसाहेब राहायला पहिल्या मजल्यावर असले तरी कपडे वाळत गच्चीवर होते. सगळा रस्ता बंद! फळीच्या खालून एक मांजर तेवढं गेलं. तेही जाताना माझ्याकडे बघून गेलं.

वकीलसाहेबांनी खालून विचारलं, "वो फुटपाथ वाली मैडम आपीच हैं ना?"

मी हो म्हणाले. नाही म्हणायला तोंडच नव्हतं. पत्रकावर माझं नाव होतं आणि ते त्यांच्या हातात होतं. सार्वजनिक वाटेवर अतिक्रमण हा नागरिकांच्या हक्कांवर घाला आहे, असं मी आजवर किती वेळा लिहिलंय, याची मला त्या वळणावर उभी असताना फार स्पष्ट आठवण झाली.

मी हार मानणार नव्हते. कठडा कापू, असं मी सुचवलं. (इमारतीचा! मी!) वरच्या देशातून चर्चला निघालेल्या काकूंनी नुसतं बघितलं आणि ती सूचना तिथंच मेली. तेवढ्यात वरंगलच्या बहिणीचा फोन आला. पद्मजा गारूंनी तेलुगूत शांतपणे सांगितलं की नवरामुलगा रेल्वेच्या पलीकडं आहे, गाडी गेली की येईल.

आणि फोन ठेवता ठेवता त्यांचं लक्ष समोर गेलं.

रेल्वे आडवी उभी राहिल्यामुळं स्टेशन नेमकं त्यांच्या डोळ्यांसमोर आलं होतं. आजवर त्यांनी ते पाहिलंच नव्हतं. मामानं त्यांना कधी सांगितलंच नव्हतं, लाजला होता. त्या कठड्याला धरून एकेक पायरी वर आल्या, चष्मा पुसला आणि बघत राहिल्या. कापसाची बोंडं बघितली. खराट्याचे खांब बघितले. पुलाखालच्या पाण्यावरून बोट फिरवलं. सिलिंडरवाल्यानंही सिलिंडर खाली ठेवलं आणि तो बघायला लागला.

स्टेशनवर एक बाक होता. मला लहानपणापासून माहीत असलेला. त्यावर एक माणूस एकटा बसलेला असायचा. आता तिथं दोघं होती. दुसरी एक बाई होती, बोटाच्या पेराएवढी, आणि तिच्या गुडघ्याला पांढऱ्या दोऱ्याची पट्टी बांधलेली होती.

"ये मैं हूँ?" पद्मजा गारूंनी फळीच्या पलीकडून विचारलं.

"हौ," मामा वरून म्हणाला.

"मैं हरी साड़ी कब पहनी?"

"वोईच रंग बचा था."

त्या हसल्या. नर्सचं हसणं असतं तसं, आवाज न करता, खांदे हलवत. आणि मी, जिनं संसारव्यवस्थेविरुद्ध तीन भाषांत लिहिलं होतं, ती भिंतीकडे तोंड करून नाक पुसत उभी राहिले.

मग मामानं पिशवीतून पातेलं काढलं. पातेल्यात करवत होती! सकाळीच घालून ठेवली होती त्यानं. मी म्हणाले, मामा, नाही, एकही रूळ तुटणार नाही. तो माझ्याकडे वळला. रागानं नाही, मामाला राग येत नाही, त्याचा राग पण मीच करते.

"प्रज्ञा," तो म्हणाला, "एवढी वर्षं ही गाडी फिरायली. कुठं गेली का? फिरून तिथंच. मी पण तिच्यासंगं तिथंच. आता मला जायचंय ग."

यावर पत्रक निघत नाही. मी फळी धरली.

त्यानं पुलाच्या बरोबर मधून कापायला घेतलं. घाई नाही. रूळ आले तिथं थांबला, बोटानं चाचपले, आणि पुढं गेला. मला वाटलं होतं, त्याच्या डोळ्यांत पाणी येईल. पाणी माझ्या डोळ्यांत, कार्यकर्त्यांच्या डोळ्यांत आणि का कोण जाणे, वकीलसाहेबांच्या डोळ्यांत. मामा मात्र अंगणात लाकूड फोडावं तसा निवांत होता. फळी दोन झाली, खालचा भाग खाली गेला, वरचा वर ओढला, आणि मधल्या फटीतून मामा पातेलं पोटाशी धरून खाली उतरला. पद्मजा गारूंनी त्याच्या शर्टावरचा भुसा झटकला. मग स्टेशनच्या बाकावरची ती दोघं चिमटीत धरून अलगद उपटली, रुमालात बांधली आणि पर्समध्ये टाकली.

"बाकी तुमारा," त्या मला म्हणाल्या.

आणि दोघं निघाली. एका पायरीवर दोन पाय, मग पुढची पायरी. त्यांचा भरवशाचा गुडघा आधी, मग मामाचा बिनभरवशाचा, हातात हात. अख्खी इमारत बघत उभी होती. मी आयुष्यात बरेच मोर्चे पाहिलेत, काढलेतही. इतका ठाम मोर्चा पाहिला नाही. दूध वेळेवर उतू गेलं म्हणे. मी बघायला जाऊ शकले नाही. मी जिन्यातला भुसा झाडत होते.

डोंगराकडचा अर्धा भाग जामबागेच्या शाळेत गेला. मास्तर खूश आहेत, मुलं बोगद्यात खडू कोंबतात. स्टेशनकडचा अर्धा भाग कुठं ठेवायचा, यावर फार चर्चा झाली नाही. माझी विद्यानगरची खोली गच्चीवर आहे. तो बाहेरून दोरानं वर ओढून घेतला. मामा दर रविवारी येतो, मला तार जोडायला शिकवतो, पद्मजा गारू डबा पाठवतात. मी उरलेले रूळ वाकवून परत गोल पूर्ण केला. नवीन पूल मी स्वतः बांधला. कापूस लावला. पलंग विकला.

आमच्याच गटातला एक मुलगा आहे, जिन्यात फळी धरणाऱ्या चौघांतला. चांगला आहे. परवा इराण्याकडं चहा पिताना त्यानं फार धीर करून विचारलं, आपण दोघांनी एकत्र राहायचं का?

मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं, आणि मनापासून विचारलं, "तुझ्याकडच्या जिन्याची रुंदी किती?"

तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करतेय. मोजायची टेप मी पर्समधून काढेपर्यंत हसतच होता.