बंद पडदा, चालू काम

पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारी नोंदवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. जन्मापासून अंध. त्यांना शाळेत घालायची वेळ आली तेव्हा काका म्हणाले होते, "हिला शिकवून काय उजेड पडणार?" आईने काकांनाच दाराबाहेरचा रस्ता दाखवला. तो तिखटपणा लेकीत पुरेपूर उतरला होता.

अठरा वर्षं हेच टेबल. संगणकावरची अक्षरं यंत्राचा आवाज ताईंच्या कानात वाचून दाखवी, तोही अशा वेगाने की दुसऱ्या कुणी इयरफोन लावला तर त्याला नुसती भुणभुण ऐकू येई. स्क्रीन त्या लावतच नसत. आपल्याला दिसत नाही त्यासाठी वीज कशाला जाळायची?

घोळ झाला तो इथेच. नवे साहेब फेरीवर आले. पाहतात तर स्क्रीन काळीठिक्कर आणि बाईंच्या कानात इयरफोन! विचारायची तसदी कोण घेतो? तासाभरात साहेब कागद घेऊन हजर.

"ताई, उद्यापासून आतल्या खोलीत बसा. काम काही नाही, पगार चालू राहील. इथे अंगठा उठवा."

"अंगठा? मला सही येते, साहेब. वाचताही येतं."

ताईंनी मोबाइल कागदावर धरला आणि आवाज पूर्ण वाढवला. यंत्राने सपाट सुरात अख्ख्या दालनाला ऐकवलं: "सदर कर्मचारी सकाळी अकरा वाजता संगणक बंद ठेवून गाणी ऐकत असल्याचे आढळून आले."

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "लावा ती स्क्रीन. अकरा ते अकरा दहा बघा. तीन तक्रारी नोंदवल्यात. त्या काय भुतांनी नोंदवल्या?"

साहेबांनी स्क्रीन लावली. तिन्ही नोंदी होत्या, वेळेसकट. साहेब नरमले. "गैरसमज झाला. पण मी तुमच्या भल्यासाठीच... जरा आराम मिळाला असता."

"नुसतं बसायला मला घरी जागा कमी आहे का?"

"जाऊ द्या ना ताई," शेजारचे हेडक्लार्क पुटपुटले.

"का जाऊ द्या? मी काय शोभेची कुंडी आहे, इथून उचलून तिथे ठेवायला? आदेश लेखी काढलात, आता रद्दही लेखी करा. याच कागदावर. चूक कुणाची तेही लिहा."

साहेबांनी पेन काढलं, चार ओळी खरडल्या आणि कागद पुढे सरकवला.

"हाताने लिहिलेलं माझ्या यंत्राला धड वाचता येत नाही," ताई म्हणाल्या. "तुम्हीच वाचून दाखवा. मोठ्याने."

साहेब वाचू लागले. 'आदेश रद्द' पर्यंत आवाज खणखणीत होता, पुढचं घशातच राहिलं.

"शेवटचं ऐकू आलं नाही, साहेब."

"आम्हालाही नाही," तक्रार द्यायला रांगेत उभे असलेले एक आजोबा म्हणाले.

साहेबांनी घसा खाकरला. "कोणतीही चौकशी न करता आदेश काढला," त्यांनी वाचलं, "ही माझी चूक."