आठ तासांचे पावटे

महाडच्या आमच्या गल्लीत कुणी घाईत दिसला की चाचा त्याला अडवून सांगत, "घाई सैतानाची, सावकाशी आपली." हे ते इतकं सावकाश सांगत की त्याची पोलादपूरची एसटी निघून जाई.

चाचांनी पंधरा वर्षं कुवेतमध्ये पाण्याचा टँकर चालवला. परतताना लोक सोनं आणत, टीव्ही आणत. चाचांनी काचेच्या झाकणाचं एक जड विजेचं भांडं आणलं, स्लो कुकर. सोबत तिथल्या खोलीतल्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, सोबत्याचा नियम आणला: कडधान्य आठ तास मंद शिजू द्यायचं, मध्ये झाकण उघडायचं नाही. गल्लीने भांड्याचं नाव 'मशीन' ठेवलं.

दर शुक्रवारी सकाळी सातला चाचा मशीनमध्ये सुके पावटे टाकत आणि तीनला चार-पाच शेजाऱ्यांना जेवायला बोलावत. पावटे न भिजवलेले. ते विकायला येणारी डोंगरातल्या कुडपण गावची बाई दर वेळी बजावी, "चाचा, रातच्याला भिजत घाला. नायतर ह्यो पावटा शिजायचा नाय."

"भिजवायचं तर मशीन कशाला आणलं?" चाचा विचारत.

महाडची वीज मात्र कुवेतची नव्हती. मशीन कोमट होई, त्यापुढे जात नसे. अकराला चाचा एसटी स्टँडवर चहाला जात. पाचच मिनिटांत त्यांच्या घरातून प्रेशर कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत. चार. चाची पावटे कुकरमध्ये शिजवून पुन्हा मशीनमध्ये ओतत. चाचा परतेपर्यंत झाकण जागेवर असे. मी वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. या माहितीला पडताळणीची गरज नव्हती.

शेजारणीने एकदा विचारलं, "चाची, सांगून का टाकत नाही?"

"पंधरा वर्षं तिकडं एकटे शिजवून खात होते गो. तिकडचं एवढंच घेऊन आलेत. ते पण मी मोडू?"

तीनला झाकण उघडलं जाई. चाचा एक पावटा दोन बोटांत चिरडून दाखवत. "बघ. कुणी हात लावला? फक्त वेळ!" पाहुणे माना डोलवत. चाचीकडे कुणी बघत नसे. गल्लीने हे गुपित सात वर्षं पाळलं. त्याच गल्लीत कुणाच्या घरी मासळी कुठली आली, हे दुपारपर्यंत सर्वांना ठाऊक असे.

मग चाची गेल्या. चाळिसाव्या दिवसाच्या फातेहानंतरच्या शुक्रवारी चाचांनी पुन्हा बोलावलं. तीनला झाकण उघडलं. पावटा चिरडला नाही. बोटांतून निसटून चटईखाली गेला.

"व्होल्टेज नव्हतं," चाचा म्हणाले.

"आज कमीच होतं," सर्वांनी दुजोरा दिला आणि ताटं संपवली. बराच वेळ फक्त दातांचा आवाज येत होता. चाचा जेवले नाहीत. ते मांडणीवरच्या प्रेशर कुकरकडे बघत होते.

पुढच्या शुक्रवारी अकराला चाचा चहाला गेले नाहीत. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी बंद झाली. गल्लीतलं बोलणं थांबलं. चार शिट्ट्या झाल्या.

तीनला झाकण उघडलं. चाचांनी एक पावटा उचलला. तो लोण्यासारखा चिरडला.

"बघ," ते म्हणाले.

पुढचं वाक्य त्यांनी उच्चारलं नाही. खाली मान घालून ते वाढू लागले.