वलांडीवरचे बोंबील

समोरच्या बांबूच्या वलांडीवरून शेजारची सून आज अर्धवट वाळलेले बोंबील भराभर उतरवत होती. आभाळ स्वच्छ होतं, तरी मला संशय आला.

उधाणाची मोठी भरती कधी, भांगाची लहान भरती कधी, हे तिथीवरून कोणीही सांगेल. पाऊस घेऊन येणारा वारा मात्र तिथी पाळत नाही. जिचं वाळवण भिजतं तिला तो आधी कळतो. "नाना, उद्या होडी काढू?" असं गाव मला वर्षानुवर्षं विचारत आलं आणि मी डोळे बारीक करून आभाळाकडे बघत उत्तर देत आलो. खरं तर मी आभाळ बघतच नव्हतो. माझी बायको बोंबील उतरवते का, एवढंच बघत होतो. मान मी घेतला. तिला हे ठाऊक असावं, असा संशय मला ती गेल्यावर येऊ लागला.

एवढ्यात पुतण्या आला. "नाना, मोबाईल म्हणतो वारा नाही. रात्री निघू ना?"

"त्या समोरच्या पोरीला विचार."

"तिला काय कळतंय?"

"तुझ्या काकीला कळायचं तेच. मी तुम्हाला तिचंच सांगत आलो."

तो माझ्याकडे संशयाने बघत राहिला. मग चपला घालून वलांडीकडे निघाला.