दोघींनी हरवलेली

काल सुमनची बॉक्सिंग बघायला मी पहिल्यांदाच गेले. माझी लेक गेल्या वर्षी काजलकडून हरली होती, काल रेश्माकडून हरली. आता शेवटचा सामना त्या दोघींचा होता. सुमन गालाला बर्फ लावून माझ्याशेजारी बसली होती. पुढच्या पायरीवर दोन माणसं वाद घालत होती.

"काजलनं त्या सुमनला पहिल्याच फेरीत झोपवली होती."

"पण रेश्मानं तिला हात उचलू दिला का? तिन्ही फेऱ्या नुसती बडवली."

मी पदर तोंडाला लावला. माझ्या दोन जावांचं कौतुकही घरात असंच व्हायचं. एक माझ्यापेक्षा पातळ भाकरी थापते, दुसरी माझ्याआधी उठते. कोण सरस ते ठरेना, पण दोघींच्या खाली मी आहे हे ठरलेलं असायचं. तेव्हा मला वाटायचं, माझ्या मुलीच्या वाट्याला हे येऊ नये.

तेवढ्यात सुमन पुढं वाकून म्हणाली, "काका, काजलचाच ठोसा जड आहे. मी दोघींचे खाल्लेत ना!"

माणसं ओशाळली, मग हसली. तीही हसली.

पूर्वी हरली की ती रडायची आणि म्हणायची, "पुढच्या वेळी बघतेच तिला." काल एसटीत मी गाव येईपर्यंत त्या शब्दांची वाट पाहिली. ती वाटभर बोलत होती, पण पुढच्या वर्षी काजल जिंकेल की रेश्मा, एवढंच.