अंबाड्यातली सुई

परभणीत आमच्या गल्लीत स्वेटर विणायचं मशीन फक्त मावशींकडे होतं. मशीनची मूठ सुयांच्या रांगेवरून खर्रकन पलीकडे जाई, प्रत्येक सुई जुन्या टाक्यातून नवा टाका ओढून काढी, आणि मूठ टोकाला पोचली की मावशी दोन शब्द बोलत. "गळा मोठा..." खर्र. "...ठिवू का लहान?" बाजारातही त्या अशाच थांबत थांबत बोलत. भाजीवाली वैतागे; मावशींना त्याची फिकीर नसे. सुटलेले टाके उचलायची आकडीची सुई कायम त्यांच्या अंबाड्यात खोचलेली.

माझ्या बहिणीच्या लग्नात, ऐन थंडीत, जीपमधून उतरताना नवरदेवाचा स्वेटर दाराच्या कडीत अडकला. छातीवर धागा तुटला आणि टाके भराभर उसवत पोटापर्यंत शिडी पडली.

"मांडवाच्या दारातच उसवायलंय," नवरदेवाची आई म्हणाली. "लक्षण काई बरं न्हाई."

वाजंत्री थांबली. वडिलांचा चेहरा उतरला.

मावशी गर्दीतून पुढे आल्या. "नवरदेव... हलू नका." त्यांनी सुई सगळ्यात खालच्या टाक्यात घातली, वरचा आडवा धागा त्यातून ओढला, मग त्याच्या वरचा. टाक्यातून टाका काढत त्या छातीपर्यंत चढल्या आणि तुटलेलं टोक आतून बांधून टाकलं.

विहीणबाई वाकून उसवलेली जागा शोधू लागल्या.

"काय हुडकायलात, विहीणबाई? काई झालंच न्हाई तर लक्षण कशाचं बघायलात, चला आत, मुहूर्त टळायलाय!"

सुई परत अंबाड्यात गेली. मावशींनी एका दमात बोललेलं वाक्य मी तेवढंच ऐकलं.