गच्चीवरच्या दोन याद्या

बाळांनो, डेटरन्सला मराठीत काय म्हणतात, असं तुम्ही फोनवर विचारलंत. मी 'वचक' म्हणून मोकळी झाले. शब्द बरोबर आहे, पण उत्तर अपुरं होतं. उरलेलं लिहून पाठवते.

तुमचे आजोबा तारापूरच्या अणुवीज केंद्रात नोकरीला होते. दर एक जानेवारीला भारत आणि पाकिस्तान आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. यादीतल्या ठिकाणांवर हल्ला करायचा नाही, असा करार आहे. ती चार ओळींची बातमी छापून आली की आजोबा चहा घेता घेता म्हणायचे, "चला, आपला पत्ता शत्रूला कळवून झाला. आता वर्षभर निवांत."

मला ते कधी पटलं नाही. पत्ता मिळाला म्हणून तो येणारच नाही, हे कशावरून?

"अगं, त्याच्याकडे काय आहे ते आपल्याला ठाऊक, आपल्याकडचं त्याला ठाऊक. म्हणून दोघंही गप्प."

आजोबा गेले आणि तो काळही गेला. आता डोक्यावरून गेलेलं ड्रोन कोणाचं, हेच कळत नाही. खोटे व्हिडिओ खऱ्याच्या आधी पोचतात. 'अणुबॉम्ब आम्ही आधी वापरणार नाही' म्हणणारे मधूनच 'पुढचं परिस्थिती ठरवेल' असंही जोडतात. आणि सगळं इतक्या वेगात, की फोन उचलून 'हे तुमचंच का?' असं विचारायला सवड उरत नाही. माझ्याकडे तर पाच दिवसांची सवड होती. तरी मी काय केलं ते वाचा.

सीमेवर तणाव होता. दिवे घालवण्याचा सराव झाला, तेव्हा मी काचांना काळा कागद लावला आणि नंतरही काढला नाही. एका संध्याकाळी चिकूच्या झाडांवरून घरघर करत काहीतरी गेलं. त्याच वेळी शेजारच्या गच्चीवर काहीतरी लखलखलं. तिथे नवे भाडेकरू आले होते. तो बोईसरच्या कारखान्यात कामाला, घरी बायको. दोघं हिंदी बोलणारी. त्याने एक लांब काठी उभी केली होती आणि तीवरून उजेड चमकत होता.

मी वही केली. तारीख, वेळ, दिशा, असे रकाने आखले. गच्चीवर बसून लिहायचे. अंधारू लागलं की खाली येऊन, कागदाला बोटभर फट ठेवून, आजोबांच्या पक्षी पाहायच्या दुर्बिणीतून बघायचे. पाचव्या दिवशी पोलीस ठाण्यात वही दाखवून आले.

दुसऱ्या सकाळी मासळीवाली पाटी उतरवता उतरवता म्हणाली, "आजी, बाजूवाली पोलिसात गेली, म्हायती हाय? तुमच्यावर!"

"माझ्यावर?"

"तर! काचंना काला कागद लावून म्हातारी रोज वर काय लिवते, म्हनून. हेर म्हातारी असली तर कोनाला संशय येत नाय, असं बोलते ती." आणि मासळीवाली खो खो हसली. मला हसू आलं नाही.

दुपारी हवालदार आला. "आजी, तुम्ही त्यांची तक्रार केलीत, त्यांनी तुमची. आधी कोणाला नेऊ?" काठीवर जुन्या सीडी टांगलेल्या होत्या, टाकीवरची कबुतरं हाकलायला. कबुतरं आता काठीवरच बसत होती. ड्रोन जमीनमोजणीचं होतं, असं हवालदार म्हणाला. चिकूच्या वाडीवाले म्हणतात, फवारणीचं. माझा दोघांवरही विश्वास नाही.

पण पोलीस दारात आले म्हणून घरमालकाने भाडेकरूंना आठ दिवसांत खोली सोडायला सांगितलं. बाईला सातवा महिना होता. पोलीस येऊन गेलेल्यांना दुसरी खोली कोण देणार? मी घरमालकाकडे गेले. तो म्हणाला, "आजी, तुमची हरकत नाही असं लिहून द्या, राहू देतो."

लिहून द्यायची माझी तयारी होती. पण कशाच्या भरवशावर? मी भाडेकरूला बोलावलं आणि म्हटलं, "तुमच्या गच्चीवर काय काय आहे, ते मला लिहून द्या."

तो म्हणाला, "माताजी, फिर आप भी दीजिए."

मला आजोबांची आठवण झाली. म्हटलं, ठीक आहे.

माझ्या ओट्यावर आम्ही कागद अदलाबदल केले. त्याचा: काठी, सीडी, टाकी, बादली, कपड्यांची दोरी. माझा: खुर्ची, वही, काळा कागद, तुळस. मी 'हरकत नाही' असं लिहून सही केली. खोली वाचली. बाईने संध्याकाळी गरम ठेकुए, म्हणजे त्यांच्याकडची गुळाची तळलेली बिस्किटं, आणून दिले. चांगले होते.

पण बाळांनो, टाकीमागे एक निळी पेटी आहे. ती त्याच्या यादीत नाही. त्याला विचारावं, तर आधी सांगावं लागेल की मला ती दिसली कशी. ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. आणि दुर्बीण माझ्या यादीत नाही.